सजीव संमती

हेमांगी दुधगावकरच्या रागाला सांगलीत एक प्रकारचा घटनात्मक दर्जा होता.

उभी हयात तिने महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर ज्ञानवर्धक शिक्षण मंडळाची विश्वस्त झाली. मंडळाच्या सभांत ती क्वचितच बोलत असे, कारण बोलण्याची गरज पडत नसे. चिटणीस विश्वजित माने ठराव वाचत आणि "मंजूर?" असे विचारत. उत्तरादाखल 'मंजूर'चा गजर उठण्यापूर्वी सगळ्यांची नजर टेबलाच्या डाव्या टोकाकडे जाई. तिथे हेमांगीची भुवई चढलेली आणि जबडा आवळलेला दिसला, की "हा विषय पुढच्या सभेत घेऊ" असे पुटपुटून माने कागद उलटत. पुढच्या सभेत तो विषय येत नसे. शाळेच्या मैदानावरची लग्ने, ग्रंथालयाच्या जागेतले गाळे आणि एका आमदाराच्या वडिलांचा अर्धपुतळा एवढ्या गोष्टी त्या एका भुवईने परतवल्या होत्या. इतिवृत्तात याचा कुठेही उल्लेख नव्हता. सुसंस्कृत माणसांच्या संस्था अशाच चालतात. नकार तोंडाने उच्चारणे त्यांना असभ्य वाटते, आणि नकार देणारे माणूस तर त्याहून असभ्य.

ती पडली तीही मंडळाच्याच कामात. मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या जिन्याला शेवाळ धरते, तो दुरुस्त करा, असे तिने वारंवार लिहून कळवले होते. उत्तर येईना, म्हणून ती स्वतः पाहायला गेली आणि शेवाळाने उत्तर दिले. पाण्याच्या टाकीच्या काठावर तोंड आपटून उजव्या गालाचे हाड फुटले, खालचा जबडा मोडला.

डॉ. नाझनीन तांबोळींनी शस्त्रक्रिया उत्तम केली. हाडाचे तुकडे जुळवून त्यांवर विरघळणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवल्या, वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी धाडले. इस्पितळात राहण्याची चैन आता कुणालाच मिळत नसे. घर हाच वॉर्ड, आणि ज्याच्या फोनमध्ये इस्पितळाचे ॲप, तो काळजीवाहक. ॲप नवऱ्याच्या, उन्मेषच्या, फोनमध्ये होते. ते त्याच्याच फोनमध्ये का, हा प्रश्न कुणालाही पडला नाही.

पट्ट्यांना जोडून 'शमक' नावाची एक नवी गोष्ट बसवली होती. तिच्यामागचा विचार सरळ होता. गालाच्या हाडाला चावण्याचा मोठा स्नायू चिकटलेला असतो. माणसाने दात आवळले की तो स्नायू हाडाला खाली ओढतो आणि नुकते जुळलेले तुकडे सरकू शकतात. म्हणून केसाहून बारीक तारा चेहऱ्याच्या मज्जातंतूंवर टेकवलेल्या असतात. मेंदूकडून आवळण्याचा जोरकस संदेश येऊ लागला, की त्या एक सूक्ष्म, अतिवेगवान प्रवाह सोडतात आणि संदेश वाटेतच विझतो. सौम्य संदेश मात्र जाऊ दिले जातात. हसण्याचा ताण हाडाला सोसतो, दातओठ खाण्याचा नाही, असे कंपनीच्या माहितीपत्रकात म्हटले होते.

इथपर्यंत हे वैद्यक होते. पुढचा भाग यंत्राने स्वतः शिकून घेतला होता. हजारो रुग्णांच्या निरीक्षणातून त्याला कळले होते, की भुवया आकसल्या की पाठोपाठ जबडा आवळला जातो. तेव्हा ते भुवयांनाच अडवू लागले. गुन्हा घडण्याआधी संशयिताला उचलण्याची ही पद्धत राज्यकर्त्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. हाडांच्या बाबतीत तिला उपचार म्हणतात, एवढेच.

*

घरी आल्यावर पहिले काही दिवस वेदनेत आणि मिक्सरच्या आवाजात गेले. वरणभात, भोपळा, शेवयांची खीर, सगळे एकाच रंगाचे होऊन नळीवाटे येई. उलटी झाली तर तारा तोडायला पकड उशाशी ठेवली होती, आणि तिच्याकडे पाहताच हेमांगीला मळमळू लागे. आवळलेल्या दातांमधून घोगरे काहीतरी बोलता येई, पण डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणून ती मुलांच्या खोडता येणाऱ्या पाटीवर लिही.

उन्मेषची थोरली बहीण शैलाताई दोन गल्ल्या सोडून राहत. त्या रोज मुगाचे कढण घेऊन येत.

"अगं बाई, किती गोड दिसतेयस!" त्या म्हणाल्या. "सूज आहे, ती जाईल. पण चेहरा बघ की कसा निवांत झालाय. उन्म्या, बघ रे. लग्नात पण अशी दिसली नव्हती ही."

"लग्नात ती भटजींशी वाद घालत होती," उन्मेष म्हणाला.

"तेच म्हणते मी. देव एक दार बंद करतो..."

हेमांगीने पाटीवर लिहिले, 'दार नव्हे, जबडा.' लिहिताना तिने शैलाताईंकडे जळजळीत पाहिले, निदान तिला तसे वाटले. शैलाताईंनी तिचा हात थोपटला. "मस्करी पण करायला लागली," त्या कौतुकाने म्हणाल्या.

तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माणूस स्वतःचा चेहरा आतून पाहतो आणि आतून तो नेहमी आज्ञाधारकच वाटतो.

*

त्याच आठवड्यात मंडळाची सभा झाली. हेमांगी बिछान्यातूनच फोनवर हजर राहिली. पडद्यावर स्वतःची चौकट दिसते, ती तिने झाकून टाकली. ते जांभळे, टरारलेले तोंड बघवत नव्हते.

विषय वसतिगृहाचा होता. तालुक्यांतल्या ज्या गावांत कॉलेज नाही, तिथल्या मुली त्या इमारतीत राहून शिकत. माने तिचे अतिथिगृह करू पाहत होते, आणि दरवेळी ती भुवई आड येत होती. या खेपेस त्यांनी नवे कारण आणले होते.

"इमारत धोकादायक आहे, हे आता मी सांगायला नको," ते गंभीरपणे म्हणाले. "खुद्द आपल्या मॅडमच पडल्या. उद्या एखाद्या लेकराला काही झालं, तर तोंड कुठं दाखवायचं आपण? वर्षअखेर मुलींना घरी पाठवावं, असा ठराव आहे. मंजूर?"

आपल्याच मोडलेल्या हाडाचा युक्तिवाद म्हणून वापर होताना पाहून हेमांगीच्या कानशिलांत रक्त सणसणले. तिने भुवई चढवली. तिने जबडा आवळला. सगळे तिच्या चौकटीकडे पाहत होते. मग मान्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले आणि 'मंजूर, मंजूर' झाले.

तिला वाटले, जोडणी तुटली असावी.

सभा संपताच मान्यांचा फोन आला. उन्मेषने तो मोठ्या आवाजावर ठेवला. "मॅडम, तुमचा दिवा हिरवा झालेला बघितला आणि खरं सांगतो, गहिवरून आलं. तुम्ही काय बोलू नका, विश्रांती घ्या. एवढ्या दुखण्यात पण समजून घेतलंसा, यातच सगळं आलं."

दिव्यांची भानगड अशी होती. मागच्या दशकात सही नकली करता येऊ लागली, मग आवाज, मग बोलतेचालते चित्र. वारलेल्या विश्वस्तांनी सभांना हजर राहून जमिनी विकल्याची प्रकरणे उघड झाली, तेव्हा कायदा आला, सजीव संमतीचा. कॅमेरा कातडीखालच्या रक्ताची लय आणि स्नायूंची सूक्ष्म थरथर टिपतो. ती जिवंत माणसाचीच असते आणि तिची नक्कल अजून कुणाला साधलेली नाही. त्यावरून प्रत्येक सभासदाच्या नावापुढे हिरवा किंवा लाल दिवा लागतो, आणि कौल स्पष्ट नसेल तर पिवळा. पत्र, भाषण, वर केलेला हात हा दुय्यम पुरावा मानला जातो. पत्रे यंत्रे लिहितात, चेहरा मात्र खोटे बोलत नाही, असे कायद्याच्या प्रास्ताविकात जवळजवळ काव्यात्म शब्दांत म्हटले होते.

हेमांगीने सभेचे चित्रीकरण मागवून पाहिले. तिच्या चौकटीत एक सुजलेली, प्रसन्न बाई बसली होती. मुलींना घरी पाठवण्याचा ठराव वाचला जात असताना त्या बाईच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या होत्या. एखादे नातवंड बोबडे बोलत असावे, तशी ती ऐकत होती.

हेमांगीने ते पुन्हा पाहिले. मग तिचे हात थरथरू लागले. फक्त हात.

*

तिने मान्यांना खरमरीत पत्र धाडले. उत्तर नम्र होते. पत्र आणि चेहरा यांत विसंगती असल्यास कायद्याने चेहरा ग्राह्य, मॅडमना ठाऊकच आहे. तरी पंधरवड्यानंतरच्या सभेत इतिवृत्त कायम करताना हरकत घेता येईल; इमारतीचे ठराव एकमतानेच होत असल्याने एक लाल दिवाही पुरेल. चेहऱ्याने, अर्थात.

तपासणीला गेल्यावर तिने डॉ. तांबोळींपुढे पाटी धरली. 'शमकामुळे माझा चेहरा खोटा दिसतो, असे प्रमाणपत्र द्या.'

"असं कसं देऊ, मॅडम?" डॉक्टर म्हणाल्या. त्या तिच्या कॉलेजातल्या जुन्या विद्यार्थिनी होत्या आणि अजूनही तिच्यासमोर ताठ बसत. "शमक भावनेला हात लावत नाही, फक्त स्नायूंचा अतिरेक रोखतो, असं मान्यतेच्या कागदातच आहे. मी उलटं लिहिलं तर माझा परवाना जाईल."

'मग सभेपुरता बंद करा.'

"हाड अजून ओलं आहे. एकदा जोरात आवळलंत तर पट्टी निखळेल. पुन्हा चिरावं लागेल, आणि दुसऱ्यांदा नस वाचेलच याची खात्री नाही. अर्धा चेहरा कायमचा जाईल." त्यांनी फाईल मिटली. "तरी बंद करायचा तर काळजीवाहकाचा अंगठा लागतो. सरांना पटलं पाहिजे."

रिक्षातून परत येताना हेमांगीला घाम फुटला होता, पण तो या धमकीने नव्हे. डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याने संताप यायला हवा होता आणि तो आला नव्हता. आला होता तो संतापाचा विचार. भूक लागायची वेळ झाली, हे घड्याळात पाहून कळावे, तसा.

तिने बरेच वाचले होते. चेहरा भावनेमागून जातो की भावना चेहऱ्यामागून, यावर मानसशास्त्रज्ञांत जुना वाद आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की आपण रागावलो आहोत हे मेंदूला काही अंशी आवळलेल्या जबड्याकडूनच कळते. तिथून बातमी येणे थांबले, की हळूहळू त्याचाही विश्वास उडतो. तिला हा पक्ष नेहमीच उथळ वाटत आला होता. आता रोज सकाळी उठताच ती मान्यांचा ठराव मनात म्हणून पाही आणि आत कुठे काही पेटते का, याची चाचपणी करी. आदल्या दिवसापेक्षा ते दरवेळी थोडे दूर असे. एके सकाळी तर 'इमारत खरंच जुनी आहे' असा विचार सहज येऊन गेला, आणि तो इतका समंजस, इतका सुखद होता, की ती बिछान्यात उठून बसली आणि छाती धडधडत राहिली.

*

सभेच्या आदल्या संध्याकाळी उन्मेष खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि वर्तमानपत्र वाचून दाखवू लागला. गेले काही दिवस त्याने हा परिपाठ ठेवला होता. हेमांगीने पाटी पुढे केली.

'किती?'

"काय किती?"

तिने त्याच्या फोनकडे बोट दाखवले. शमकाचा जोर त्यावरूनच कमीजास्त करता येई. त्याने पेपराची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

"सात."

'इस्पितळाने?'

"चार दिलं होतं. तू झोपेत दात खात होतीस, हेमा. तांबोळी मॅडम म्हणाल्या होत्या, वाटलं तर वाढवा."

'केव्हा वाढवलेस?'

त्याने फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "मागच्या सभेच्या आधी. तुला ताण नको म्हणून." तिच्या चेहऱ्याकडे त्याने निरखून पाहिले. "रागावलीस का?"

पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. उत्तर समोर लिहिलेले असे.

'हो.'

"दिसत नाही गं," तो अपराधी स्वरात म्हणाला, आणि मग एकदम बोलतच सुटला. "खरं सांगू? ताणबिण होतंच, पण मला बरं वाटत होतं. लग्न झाल्यावर मी तुला रोज पेपर वाचून दाखवायचो, आठवतं? एकदा एका बातमीवर मी काहीतरी बोललो आणि तू तोंड असं केलंस, की मी बंदच केलं. आता वाचतो, तू ऐकतेस. मधेच माझं मत सांगतो, तरी ऐकतेस. मला वाटलं, एवढी वर्षं राहून गेलेलं काहीतरी चाललंय आपल्यात."

हेमांगीने पाटी पुसली.

'मला वाटले, तुला कंटाळा आला.'

"मला?"

'तू बंद केलेस. मी वाट पाहिली.'

उन्मेषने चष्मा काढला. बाहेर भाजीवाल्याची गाडी कर्ण्यावरून मेथीचा भाव सांगत गेली. ती लांब गेल्यावर हेमांगीने लिहिले, 'उद्या शून्यावर आण.'

"हाड सरकलं तर?"

'माझे हाड आहे.'

"आणि मी? तुझं तोंड कायमचं वाकडं झालं तर रोज ते बघायचं कुणी? मीच ना?" त्याचा आवाज चढला, आणि स्वतःच्याच आवाजाने तो दचकला.

ती लिहू लागली. जागा पुरेना, म्हणून अक्षर बारीक झाले. 'तू पेपर वाच. मी तोंड वाकडे करीन. तरी वाच.'

त्याने ते वाचले. होकार दिला नाही. पण सकाळी चहाच्या आधी त्याने फोन तिच्यासमोर धरला, धोक्याच्या सूचना एकेक करून मोठ्याने वाचल्या आणि शेवटी अंगठा टेकवला. तिच्या गालात मुंग्यांची एक रांग निघाली आणि कपाळापर्यंत चढली.

*

सभेला ती स्वतः गेली. मान्यांनी दारातच हात जोडले. "या मॅडम! उन्मेषराव, तुम्ही पण बसा की मागं."

भिंतीवरच्या पडद्यावर नावे होती आणि नावांपुढे दिवे. मान्यांनी मागील इतिवृत्त वाचायला घेतले. वसतिगृह, धोकादायक इमारत, वर्षअखेर, सर्वानुमते. "कायम करायला कुणाची हरकत?"

सगळ्यांची नजर टेबलाच्या डाव्या टोकाला गेली.

हेमांगीने भुवई उचलली. ती उठली, पण जड, जणू दुसऱ्याचीच. तिने आत संताप शोधला. ज्या मुली सामान बांधून एसटीत बसतील, त्यांचे चेहरे आठवून पाहिले. आठवले, पण ऊब येईना. तिच्या नावापुढचा दिवा लुकलुकला आणि पिवळा झाला. खाली अक्षरे उमटली, 'वेदना'.

"अरारा, दुखतंय त्यांना," माने म्हणाले. "आटपू या आपण. पिवळा म्हणजे तटस्थ धरायचं, नाही का?"

तिने दातांतून "नाही" असा आवाज काढला. एक घोगरा हुंकार निघाला. दिवा पिवळाच राहिला.

टेबलापलीकडून वयोवृद्ध विश्वस्त कर्नाळे प्रेमळपणे म्हणाले, "राहू द्या, बोलू नका बाई. काही म्हणा, दुखण्यानं बाई निवळल्या हं. बरं झालं. आधी बघायचीसुद्धा भीती वाटायची!"

सगळे हसले. त्यात दुष्टावा नव्हता. घरातल्या माणसाला हसावे, तसे ते हसले. आणि हेमांगीला जाणवले, की आपलेही ओठ हसत आहेत. शमक बंद होता. तिला कुणीही अडवलेले नव्हते. तोंडाला सवय लागली होती, आणि ते आपले आपण, शहाण्यासारखे, त्यांच्या हसण्यात सामील झाले होते.

तेव्हा तो आला. तो मान्यांवर नव्हता, कर्नाळ्यांवरही नव्हता. तो त्या हसऱ्या तोंडावर होता. पोटातून, छातीतून, मानेच्या शिरांतून तो चढत आला आणि जबड्यात उतरला. भुवया कपाळाच्या मध्यावर येऊन भिडल्या. दातांवर दात इतक्या जोराने आवळले गेले, की उजव्या गालात काहीतरी कट्कन वाजले. तो आवाज मागे बसलेल्या उन्मेषलाही ऐकू गेला.

हसणे थांबले. पडद्यावर तिच्या नावापुढे लाल दिवा लागला आणि तसाच राहिला.

माने काही वेळ दिव्याकडे पाहत होते, मग चेहऱ्याकडे. "हरकत नोंदवली," ते शेवटी कोरडेपणाने म्हणाले. "ठराव कायम होत नाही. मुली राहतील." आणि थोड्या वेळाने, कुणाकडेही न पाहता, "जिना तेवढा घासून घ्या कुणीतरी."

हेमांगीने हे ऐकले. तोंडात रक्ताची चव येत होती आणि समोरचे टेबल हळूहळू कलंडत होते.

*

"सांगितलं होतं मी," डॉ. तांबोळी म्हणाल्या. पडद्यावर हेमांगीच्या कवटीचे चित्र होते, आणि त्यात पट्टी विटीसारखी तिरपी झाली होती. "आता पुन्हा उघडायचं. नसेचं काय होईल ते आत गेल्यावर कळेल. पण या वेळी शमक पहिल्या दिवसापासून दहावर ठेवायचा, सर. नाहीतर हे पुन्हा होणार. काळजीवाहक म्हणून तुमचा अंगठा हवाय, इथं."

त्यांनी फोन पुढे केला. हेमांगी स्ट्रेचरवर आडवी होती. गुंगीचे औषध चढू लागले होते, पाटी घरी राहिली होती आणि हात पट्ट्यांनी बांधलेले होते. उजवा गाल पुन्हा फुगून डोळ्यावर आला होता. ओठ एकीकडे ओढला गेला होता. एक भुवई निपचित पडली होती.

उन्मेषने फोन घेतला नाही. तो वाकला आणि त्या चेहऱ्याकडे त्याने नीट पाहिले. दुसरी भुवई हळूहळू वर चढत होती. तिची भीती जुनी होती, ओळखीची होती.

"नको," तो म्हणाला.

"सर, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. चेहरा कायमचा वाकडा राहू शकतो. त्यांना तरी विचारा आधी."

"विचारलं की," उन्मेष म्हणाला.